हा समाजवाद आहे का, हे कसं तपासावं: औषधांच्या दुकानातून

सरकारनं एखाद्या वस्तूची किंमत बांधली, एखादी सेवा फुकट केली किंवा दुकानदाराला एखादं रजिस्टर ठेवायला लावलं, की कुणीतरी म्हणतंच, "आला समाजवाद." कुणी कौतुकानं म्हणतं, कुणी तक्रारीनं. माझं बार्शीत मेडिकल आहे. दुकान माझं, माल माझ्या पैशानं भरलेला, कर्जही माझ्याच नावावर. तरी दुकानातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या सरकारी नियमात बसवलेली आहे. थोड्या अंतरावर जनऔषधी केंद्र आहे, पलीकडे सरकारी दवाखाना आहे. त्यामुळे हा वाद माझ्या काउंटरवर नेहमी येतो आणि तो सोडवायची एक रीत माझ्या हाताला बसली आहे. राज्यशास्त्र शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ती उपयोगी पडते, म्हणून इथे लिहून देते.

एका वेळी एकच वस्तू घ्या

"आपलं सरकार समाजवादी आहे का?" असं मोघम विचारून हाती काही लागत नाही. एकाच राज्यात एसटी सरकारी असते, साखर कारखाना सहकारी असतो, सूतगिरणी एखाद्या शेठजींची असते. म्हणून एक वस्तू, एक सेवा किंवा एक कायदा घ्या आणि त्याला चार प्रश्न विचारा. मालक कोण? काय बनवायचं आणि केवढ्याला विकायचं, हे कोण ठरवतं? नफा झाला तर कुणाचा, बुडालं तर कुणाचं? आणि ती वस्तू माणसाला पैसे मोजले म्हणून मिळते, की गरज आहे म्हणून?

निकाल लागतो तो पहिल्या प्रश्नावर. समाजवाद्यांची आपसांत कितीही भांडणं असली तरी एका मागणीवर ते एकत्र येतात: कारखाने, खाणी, जमीन, बँका, म्हणजे ज्यातून संपत्ती तयार होते ती साधनं मूठभर खासगी मालकांच्या हाती राहू नयेत, समाजाच्या ताब्यात यावीत. ताबा सरकारनं घ्यायचा, कामगारांनी की सहकारी संस्थांनी, यावर मतभेद. ही मागणी आपल्या मातीत कशी मांडली गेली हे पाहायचं असेल तर बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीनं संविधान सभेसाठी तयार केलेलं निवेदन वाचा. मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा फक्त सरकारचा, शेतजमीन सरकारनं ताब्यात घेऊन जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यायची. जमीनदार उरणार नाही, कूळ उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही उरणार नाही. यात कसलीही संदिग्धता नाही. हे मोजमाप मनात ठेवा आणि आता माझ्या काउंटरवर या.

मेटफॉर्मिनची स्ट्रिप

मधुमेहाची ही गोळी दुकानात सगळ्यांत जास्त जाणाऱ्यांपैकी एक. मेटफॉर्मिन 500 ची स्ट्रिप उलटी करून पाहा. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, एक्स्पायरी, आणि त्यापुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. हा आकडा वाटेल तसा छापलेला नसतो. मेटफॉर्मिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 2022 च्या यादीत अशी 384 औषधं आहेत. यादीतल्या औषधाची कमाल किंमत दिल्लीतलं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं आणि त्याला आधार असतो 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाचा.

"मग किंमत सरकारनं ठरवली, म्हणजे समाजवादच की, ताई," असं दुकानात येणारे एक निवृत्त गुरुजी मला नेहमी म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, सरकार ती कशी ठरवतं ते एकदा ऐकून घ्या."

बाजारात त्या गोळीचे जेवढे ब्रँड आहेत, त्यांतले किमान 1 टक्का वाटा असलेले सगळे घ्यायचे. कंपन्या आम्हा दुकानदारांना ज्या भावानं माल देतात त्या भावांची साधी सरासरी काढायची. त्यावर दुकानदाराचे 16 टक्के चढवायचे. झाली कमाल किंमत. म्हणजे सरकार गोळी बनवायला किती खर्च आला हे विचारतच नाही. बाजारानं लावलेले भावच घेतं आणि त्यांच्या मधोमध एक रेघ मारतं. रेघेच्या वर असलेल्यांना खाली यावं लागतं, खाली असलेल्यांनी आपली आहे तीच किंमत ठेवायची. दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ही रेघ सरकते. 2023 साली ती 12 टक्क्यांहून जास्त वर गेली, 2024 साली जवळजवळ जागेवरच राहिली. यादीबाहेरच्या औषधांना तर ही रेघही नाही. कंपनी आपली किंमत आपण लावते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

आता चार प्रश्न लावा. कारखाना खासगी. गोळी किती बनवायची, कोणत्या नावानं विकायची, हे कंपनीनं ठरवायचं. किमतीला वरून मर्यादा, खालून मोकळीक. नफा कंपनीचा, स्टॉकिस्टचा आणि माझा. एक्स्पायर झालेला माल परत गेला नाही तर तोटाही माझा. आणि गोळी त्यालाच, जो पैसे देईल. चारपैकी साडेतीन उत्तरं खासगी बाजाराची आहेत. हा समाजवाद नाही. सरकारनं वरून मर्यादा घातलेला बाजार आहे.

किंमत नियंत्रण कुणी विचारधारेपोटी आणलं असंही नाही. औषधांच्या किमतींवर पहिलं बंधन आलं ते 1962 साली चीनशी युद्ध झाल्यानंतर, टंचाईच्या भीतीनं. पुढे 1979 साली 347 औषधं नियंत्रणाखाली होती, 1995 साली ती 74 वर आली. 1995 पर्यंतच्या आदेशांत निदान उत्पादनखर्च मोजला जायचा. 2013 साली ती पद्धत सोडून सरासरी आली. मला हा बदल पटत नाही. सरासरीत महाग ब्रँड मोठ्या संख्येनं असले तर रेघच वर बसते, आणि गोळीचा खरा खर्च कुणासमोर येत नाही. किंमत बांधण्याला विरोध करणाऱ्या आणि तिचं कौतुक करणाऱ्या, दोघांनीही हे सूत्र एकदा कागदावर मांडून पाहावं.

याच दुकानात याच्या उलट गोष्टही दाखवता येते. डॉक्टरांकडे प्रतिनिधी न पाठवता थेट दुकानदाराला विकल्या जाणाऱ्या कित्येक जेनेरिक गोळ्यांवर छापील किंमत असते खरेदीच्या कितीतरी पट. दुकानदारानं वीस टक्के सूट दिली तरी गिऱ्हाईक खूश आणि दुकानदाराच्या गल्ल्यात मोठी रक्कम. कायद्याच्या दृष्टीनं सगळं नियमात. छापील किंमत म्हणजे योग्य किंमत, ही समजूत आधी काढून टाका.

लाल रेघांची चौकट आणि माझं रजिस्टर

नियमन म्हणजे काय हे एका वहीत दाखवता येतं. काही स्ट्रिपवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते. ती शेड्यूल एच वनची औषधं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, क्षयरोगाच्या गोळ्या. 1 मार्च 2014 पासून ही यादी लागू झाली. यांतलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं आणि औषध निरीक्षक आले की पुढे ठेवायचं.

रात्री नऊ वाजता ताप आलेल्या मुलाला घेऊन आई येते आणि म्हणते, "मागच्या वेळची तीच गोळी द्या की, ताई, डॉक्टर आता नाहीत." त्या वेळी मला "चिठ्ठी आणा" म्हणावं लागतं. ते तिला आवडत नाही आणि मलाही जड जातं. पण अँटिबायोटिकचा अर्धामुर्धा कोर्स घेऊन जंतू दाद देईनासे झाले तर त्रास तिच्या लेकरापुरता राहत नाही, सगळ्या आळीचा होतो. या रजिस्टरनं माझी मालकी घेतलेली नाही, माझा नफाही घेतलेला नाही. मालकानं कोणती गोष्ट करायची नाही, एवढंच सांगितलं आहे. खरं तर नियमनाला खासगी मालक लागतोच. दुकान सरकारचंच असतं तर परवाना कुणाला दिला असता आणि रद्द कुणाचा केला असता?

सरकारी होतं, तरी चौदा जण गेले

इथे थोडं थांबते, कारण या मुद्द्यावर लोक सगळ्यांत जास्त गल्लत करतात. नियमन आणि सरकारी सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशकाचं एक पातळ औषध बाजारात आलं. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं, जे मूत्रपिंड निकामी करतं. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्या वेळी नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवायची सक्ती अमेरिकेत नव्हती. 1938 साली कायदा करून ती आणली. भांडवलशाहीचा सगळ्यांत मोठा देश, कारखाने खासगीच राहिले, आणि औषधाची तपासणी मात्र सरकारची.

तेच विष 1986 च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल नावाच्या औषधातून रुग्णांच्या पोटात गेलं. चौदा जण दगावले. रुग्णालय सरकारी, खरेदी सरकारी, निरीक्षकही सरकारी. पुरवठादार तेवढा खासगी. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीपर्यंतच्या ढिलाईवर बोट ठेवलं. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे प्रकरण वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं. दवाखाना सरकारी असणं ही रुग्णाच्या जिवाची हमी नव्हती. हमी असते बाटलीतला थेंब प्रयोगशाळेत खरोखर तपासला जाण्यात. हे काम दवाखाना कुणाचाही असला तरी कुणीतरी तटस्थपणे करावंच लागतं. समाजवादी देशातही लागतं.

परवाना भाड्यानं देणारे फार्मासिस्ट आमच्या धंद्यात आहेत. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र, काउंटरवर दहावी पास मुलगा. त्यामुळे नियम कागदावर आहे म्हणून "सरकारनं सगळं ताब्यात घेतलंय" असं कुणी म्हणालं की मी त्यांना विचारते, निरीक्षक शेवटचे कधी आले होते ते आधी सांगा.

फुकट मिळतं, म्हणून समाजवाद?

क्षयरोगाचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. रुग्णाला पोषण आहारासाठी खात्यावर पैसे येतात, आधी महिन्याला 500, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये. माझ्यासारख्या खासगी दुकानदारालाही क्षयाचं औषध विकलं तर कळवावं लागतं. इथे चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदललं: औषध मिळतं ते आजारी आहे म्हणून, पैसे आहेत म्हणून नव्हे. ही सार्वजनिक सेवा. सगळ्यांच्या करातून, गरजेप्रमाणे. पण गोळ्या बनवणाऱ्यांत खासगी कंपन्या आहेतच. सरकार त्यांच्याकडून निविदा काढून विकत घेतं.

जनऔषधी केंद्राचं तर बहुतेकांना ठाऊक नसतं. पाटीवर पंतप्रधानांचं नाव, पण दुकान चालवणारा बहुतेक वेळा आमच्यासारखाच खासगी माणूस. त्याला विक्रीवर 20 टक्के मार्जिन मिळतं. औषधं खासगी कारखान्यांतून निविदेनं येतात, ब्रँडचा खर्च वगळल्यानं स्वस्त पडतात. सरकार तिथे घाऊक खरेदीदार आणि हमीदार आहे, मालक नाही. केंद्र उघडलं तेव्हा आमच्यातले काही जण "समाजवाद आणून आमचा धंदा बुडवला" असं म्हणत होते. खरी गोष्ट अशी की आमच्यासमोर एक स्वस्त स्पर्धक उभा राहिला होता. माझ्या काही रक्तदाबाच्या गिऱ्हाइकांनी तिकडून गोळ्या घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांनी ते योग्यच केलं.

इंग्लंडमध्ये 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा रुग्णालयं सरकारनं ताब्यात घेतली. औषध दुकानं मात्र खासगीच राहिली. सरकार त्यांच्याशी करार करून पैसे देतं. त्याच सेवेत 1952 पासून चिठ्ठीमागे शुल्कही आलं. म्हणजे एकाच सेवेत रुग्णालय सरकारी, दुकान खासगी, औषध कंपनी खासगी. अशा वेळी "ही सेवा समाजवादी आहे का" याचं उत्तर तुकड्यातुकड्यानंच द्यावं लागतं. रुग्णालयाच्या तुकड्यापुरतं हो, बाकीच्यांचं नाही.

सरकारी मालकी दिसली तरी कारण विचारा

मालक सरकार निघालं की पहिला प्रश्न सुटला असं वाटतं. तरी आणखी एक विचारा: हे सरकारनं का घेतलं किंवा का सुरू केलं?

बार्शीकरांना आपली छोटी रेल्वे आठवत असेल. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी. 1897 साली अडीच फूट रुंदीच्या रुळांवर गाडी सुरू केली, पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत नेली. 1 जानेवारी 1954 ला सरकारनं ती घेतली. रूळ तेच, डबे तेच, तिकीट काढल्याशिवाय बसता येत नाही हेही तेच. त्याच्या कितीतरी आधी, 1925 साली, ब्रिटिश सरकारनं जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे आपल्या ताब्यात घेतली होती. ब्रिटिश सरकारला समाजवादी कोण म्हणेल? रेल्वे कुठून कुठे जावी, लष्कर आणि माल कसा हलावा, हे त्यांना हातात हवं होतं. हाफकिन संस्थेचंही तसंच. प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत तयार केली, 1899 साली परळला सरकारी प्रयोगशाळा उघडली. साथ आली की बंदर बंद पडतं, व्यापार बसतो. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना ते नको होतं. कारण काहीही असो, तिथूनच पुढे सर्पविषावरची लस महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांना मिळत गेली.

कधी सरकार बुडीत गिरण्या घेतं. 1974 साली देशातल्या 103 आजारी कापड गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. नफ्याच्या काळात गिरणी शेठजींची आणि तोट्याच्या काळात जनतेची, असा तो व्यवहार होता. कामगारांची रोजीरोटी वाचवायला तो करावा लागला हे मला मान्य आहे. पण समाजवादाचं उदाहरण म्हणून तो देऊ नका, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे उलटं येतं.

याउलट पिंपरीचं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारनं हा कारखाना उभारला. पेनिसिलीन परदेशातून आणायचं, मोजून वापरायचं, असा तो काळ. देशात ते स्वस्त बनावं, आणि नफ्यापेक्षा पुरवठा आधी, या हेतूनं सरकार स्वतः उत्पादनात उतरलं. मालक सरकार, काय बनवायचं ते सरकार ठरवणार, नफा-तोटा सरकारचा, आणि हेतू गरजेचा. चारही उत्तरं एका बाजूला. माझ्या रीतीनं याला समाजवादी धोरणाचं उदाहरण म्हणावंच लागेल. हा कारखाना पुढे तोट्यात रुतला, आणि खासगी कंपन्या मोठ्या झाल्या. त्या मोठ्या झाल्या त्यामागे 1970 चा पेटंट कायदाही होता: औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. सरकारी कायद्यानं खासगी उद्योगाला मोकळं रान दिलं. 2005 साली पदार्थावरचं पेटंट परत आलं.

बार्शीत कॅन्सरचं रुग्णालय असल्यानं कॅन्सरच्या औषधांच्या किमती माझ्या कानावर सारख्या येतात. म्हणून 2012 चं एक उदाहरण मला जवळचं वाटतं. सोराफेनिब हे यकृत-मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजारांना विकत होती. पेटंट नियंत्रकानं नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट बायरचं असलं तरी औषध बनवायची परवानगी: महिन्याच्या गोळ्या 8,880 रुपयांहून महाग विकायच्या नाहीत आणि बायरला विक्रीवर 6 टक्के द्यायचे. "सरकारनं मालमत्ता हिसकावली" अशी ओरड तेव्हा झाली. प्रश्न लावून पाहा. नवा उत्पादक खासगी, जुनाही खासगी, दोघांना पैसे मिळतात. सरकारनं मक्तेदारी मोडून स्पर्धा आणली. बाजाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी याचं स्वागत करायला हवं होतं.

आणि दुकानांचीच मालकी घेतली तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. स्वीडनमध्ये 1971 पासून 2009 पर्यंत किरकोळ औषध विक्री ही एकाच सरकारी कंपनीची मक्तेदारी होती. माझ्यासारखं स्वतःचं मेडिकल तिथे कुणाला काढता येत नव्हतं. त्याच काळात अॅस्ट्रासारखी औषध कंपनी, व्होल्वोसारखा मोटार कारखाना खासगीच होते. औषध दुकानांपुरता समाजवाद, देश मात्र भांडवलशाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा राहतात हे ज्याला दिसलं, त्याचा निम्मा गोंधळ संपला.

कायदा कुणी आणला ते पाहा

आजारपणाचा सक्तीचा विमा जगात पहिल्यांदा आणला 1883 साली जर्मनीत, तिथला चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क यानं. हा तोच बिस्मार्क, ज्यानं 1878 पासून समाजवाद्यांच्या सभा आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली होती. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत म्हणून त्यानं विमा दिला. आपल्याकडचा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा 1940 चा, ब्रिटिशांचा. माझा परवाना आजही त्याच कायद्याखाली आहे. आणि 1944 साली "बॉम्बे प्लॅन" मांडून सरकारनं उद्योगांवर देखरेख ठेवावी, अवजड उद्योगांत उतरावं, असं सांगणारे होते जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास. म्हणजे देशातले मोठे भांडवलदारच. कोणताही नियम समोर आला की त्याचं साल आणि आणणाऱ्याचं नाव शोधा, अर्धा वाद तिथेच मिटतो.

संविधानातला उल्लेख आडवा आला तर

कुणीतरी म्हणेल, उद्देशिकेतच "समाजवादी" आहे. आहे, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आला. त्याआधी, 15 नोव्हेंबर 1948 ला, संविधान सभेचे सदस्य के. टी. शहा यांनी हा शब्द संविधानाच्या पहिल्या कलमात घालायची सूचना केली तेव्हा खुद्द आंबेडकरांनी विरोध केला होता. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, संविधानानं त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं. वर सांगितलेलं निवेदन लिहिणाराच माणूस हे म्हणत होता, यावरून त्यांची लोकशाहीवरची निष्ठा कळते. 1989 पासून तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते, मग तो पक्ष खासगीकरणाचा कितीही कट्टर पुरस्कर्ता असो.

25 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं हा शब्द काढण्याच्या याचिका फेटाळल्या आणि सांगितलं की आपल्याकडे त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा आहे, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. त्याच महिन्यात 5 तारखेला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या खटल्यात बहुमतानं ठरवलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. तेव्हा वाद घालायच्या आधी समोरच्याला विचारून घ्या, न्यायालयाच्या अर्थानं बोलताय की मालकीच्या अर्थानं. पहिल्या अर्थानं क्षयाची फुकट गोळी समाजवादात बसते. दुसऱ्या अर्थानं बसत नाही. परीक्षेत दोन्ही लिहा.

उत्तर मिळाल्यावर

नाव ठरलं की काम संपलं असं समजू नका. किमतीवर मर्यादा घालणं समाजवाद नाही, हे कळल्यानं ती मर्यादा चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. 2017 च्या फेब्रुवारीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये केली तेव्हा कित्येक कुटुंबांची जमीन गहाण पडायची वाचली. त्याचं समर्थन करायला मला कोणत्याही वादाचं नाव लागत नाही. रुग्ण टेबलावर आडवा असताना भाव करू शकत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून शेवटचं काम करूनच टाका. घरातल्या रोजच्या गोळीची स्ट्रिप घ्या, मोबाइलवर "फार्मा सही दाम" हे प्राधिकरणाचं ॲप उघडा आणि औषधाचं नाव घाला. यादीतलं असेल तर कमाल किंमत दिसेल, त्याच औषधाचे दुसरे ब्रँड आणि त्यांचे भावही दिसतील. छापील किंमत कमाल किंमत अधिक जीएसटी यांच्या बेरजेहून जास्त असेल तर प्राधिकरणाकडे तक्रार करा. बिल जवळ ठेवा, दुकानदारानं दिलं नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. कंपनीनं जादा घेतलेली रक्कम व्याजासह वसूल करायचा अधिकार प्राधिकरणाला आहे. ती रक्कम जाते सरकारच्या तिजोरीत. ज्यानं काउंटरवर जादा पैसे मोजले, त्या रुग्णाला त्यातला रुपयाही परत मिळत नाही. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर ते कोणत्या वादाचे आहेत हे नंतर विचारा. आधी हे पैसे रुग्णाला कधी मिळणार ते विचारा.